स्वस्त एमपी-थ्री प्लेअरची कुळकथा

गाणी मोबाइल फोनमध्ये येऊन बसल्यापासून अनेकांच्या टेबलाच्या खणात एक वस्तू निकामी होऊन पडली आहे. काड्यापेटीएवढा, वजनाला हलका, चारपाच बटणांचा तो एमपी-थ्री प्लेअर. 2005 नंतरच्या काही वर्षांत तो शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत आणि पुढे तालुक्याच्या आठवडी बाजारातही काही शे रुपयांना मिळू लागला. असाच एक बंद पडलेला प्लेअर आम्ही नववीच्या वर्गात उघडला. (आपण असे करणार असाल तर एक सूचना : आतली चपटी, चंदेरी बॅटरी लिथियमची असते. तिला टोचू वा वाकवू नये. ती शिक्षकानेच आधी अलग करावी.)

आत पाहण्यासारखे फारसे काही निघाले नाही. एक हिरवी पट्टी, तिच्यावर दोन काळ्या चिप, क्वार्ट्झ स्फटिकाची एक इवली डबी, हेडफोनचे भोक आणि बटणे. मुलांनी लगेच विचारले, "सर, यात गाणी कुठे आहेत?" प्रश्न रास्त होता. तबकडीवर खाचा दिसत, कॅसेटमध्ये फीत दिसे आणि ती फिरताना दिसे. इथे फिरणारे, घासणारे काहीच नाही. या प्रश्नाचे उत्तर देताना ध्यानात आले की या दोन चिपचा इतिहास तीन निरनिराळ्या देशांत घडला आहे, आणि तिसरी, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट चौथ्या देशातून आली आहे. सुरुवात त्या न दिसणाऱ्या गोष्टीपासूनच केली पाहिजे, कारण तिच्यावाचून बाकीच्या दोन्ही निरुपयोगी होत्या.

फळ्यावर एक साधा गुणाकार करून पाहू. कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला 44,100 वेळा मोजलेली असते, प्रत्येक मोजमाप 16 बिटांचे असते, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग असतात. म्हणजे सेकंदाला 14,11,200 बिट. पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे 53 मेगाबाइट जागा झाली. 1998 साली बाजारात आलेल्या पहिल्या प्लेअरची एकूण क्षमता होती 32 मेगाबाइट! एक गाणेसुद्धा त्यात पुरते मावले नसते.

जर्मनीतील एर्लांगेन येथील प्राध्यापक डीटर झाइट्झर यांच्यापुढे हाच प्रश्न फार आधी, वेगळ्या रूपात उभा होता. त्यांना टेलिफोनच्या तारेतून संगीत पाठवायचे होते. नव्याने येऊ घातलेल्या अंकीय टेलिफोनच्या जोडणीतून सेकंदाला 1,28,000 बिट जाऊ शकत. संगीताला लागत त्याच्या अकरापट. झाइट्झर यांनी पेटंट मागितले, तेव्हा असे होणेच शक्य नाही असा शेरा परीक्षकाने मारला. झाइट्झर यांनी हा प्रश्न कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग या आपल्या विद्यार्थ्याकडे सोपवला. ब्रांडेनबुर्ग 1982 च्या सुमारास कामाला लागले आणि 1989 मध्ये त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. पुढचे काम एर्लांगेनच्याच फ्राउनहोफर संस्थेत मोठ्या चमूने केले.

उत्तर तारेत नव्हते, कानात होते. पिठाच्या गिरणीत शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. बोलणे कानाच्या पडद्यावर आदळत असतेच, पण गिरणीची घरघर त्याला झाकून टाकते. त्याच वेळी कुणी कर्कश शिटी वाजवली तर ती मात्र ऐकू येते. म्हणजे मोठा आवाज आपल्या आसपासच्या वारंवारतेच्या लहान आवाजांना झाकतो, फार दूरच्यांना नाही. म्युनिकचे एबरहार्ट त्स्विकर यांनी याची बारकाईने मोजमापे घेतली. 1961 साली त्यांनी ऐकू येणाऱ्या वारंवारतांची 24 पट्ट्यांत विभागणी सुचवली. या प्रत्येक पट्ट्यात कान जणू स्वतंत्रपणे ऐकतो. बोलण्याच्या अंकीय संदेशांत हे झाकले जाणे कसे उपयोगात आणता येईल, यावर अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतून 1979 मध्ये एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन लेखकांपैकी एक होते बिष्णु अटल, कानपूरचे, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले.

एमपी-थ्री "न ऐकू येणारे आवाज पुसून टाकते" असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. ते अर्धेच खरे आहे. सोनार गुंजभर वजनही मोजतो, भाजीवाला पाव किलोच्या हिशेबाने तोलतो. भाजीवाल्याच्या मापात चूक जास्त असते, पण आकडे थोडे लागतात. एमपी-थ्रीमध्ये आवाजाचे 576 वारंवारतांत विघटन करतात. जिथे कान चूक पकडील तिथे सोनाराचा तराजू वापरतात, आणि जिथे शेजारचा मोठा स्वर ती चूक झाकून टाकील तिथे भाजीवाल्याचा. मोजण्यातली ही चूक म्हणजे एक प्रकारचा गोंगाटच असतो. तो गाण्यात असतोच, फक्त झाकणाखाली असतो. आकडे अकरापटीने कमी होतात ते अशा काटकसरीने.

ही काटकसर कुठे फसते हे पाहणे जास्त उद्बोधक आहे. स्पेनमधील कॅस्टनेट हे आपल्या चिपळ्यांच्या जातीचे वाद्य चमूला भारी पडले. एकदम 'टक्' असा आवाज होतो आणि त्याआधी शांतता असते. पण मोजमाप सेकंदाच्या काही शतांशांच्या तुकड्यांनी होत असल्याने त्या टक्ची चूक आख्ख्या तुकड्यावर पसरते, आणि टक् होण्याच्या आधीच एक फुसकारा ऐकू येतो. कारणाच्या आधी कार्य! यावर उपाय म्हणून असा आघात आला की तुकडे आखूड करण्याची सोय केली. दुसरी अडचण आणखी साध्या आवाजाची होती. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे गाणे कोणत्याही साथीशिवाय गायलेले आहे. तोवर बहुतेक संगीत ठीक वाजवणाऱ्या ब्रांडेनबुर्ग यांच्या पद्धतीने या एकट्या आवाजाची पार वाट लावली. गायिकेचा आवाज दोन्ही कानांच्या मधोमध येत होता, तर चुकीचा गोंगाट दोन्ही बाजूंना होता. दिशा वेगळी असली की झाकण पुरत नाही. ब्रांडेनबुर्ग यांनी ते गाणे शेकडो वेळा ऐकून पद्धत सुधारली. ख्याल किंवा अभंग गाणाऱ्या एकट्या गळ्याची फाइल फार लहान केली की आजही हा दोष आपल्या कानांना जाणवतो. वर्गात करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे : चिपळ्या आणि एका मुलीचा आवाज मुद्रित करावा, त्याच्या 128 आणि 48 किलोबिटच्या फाइली कराव्यात, आणि नाव न सांगता ऐकवाव्यात.

1988 मध्ये चित्र व ध्वनी यांच्या अंकीय संक्षेपाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरवण्यासाठी 'एमपेग' हा तज्ज्ञगट स्थापन झाला. त्याच्या ध्वनिमानकात तीन पातळ्या ठरल्या. काम 1992 मध्ये पुरे झाले, 1993 मध्ये मानक छापले गेले. तिसरी पातळी सर्वांत क्लिष्ट होती, पण कमी बिटांत चांगला आवाज देई. ती म्हणजे आपली एमपी-थ्री. हे नाव 1995 च्या जुलैत फ्राउनहोफरच्या मंडळींनी आपसांत मते घेऊन ठरवले. ते संगणकातील फाइलीच्या शेपटासाठी होते. जगभर त्याचे सामान्यनाम होईल याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आता पहिली चिप. ती जपानची. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांना वीज गेली तरी न विसरणारी आणि स्वस्त अशी स्मृती हवी होती. चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक सूक्ष्म कप्पा. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की एक नोंद, काढून घेतले की दुसरी. बाहेर पडायला वाट नसल्याने ते वर्षानुवर्षे आतच राहतात. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर हेच : गाणी या कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांत आहेत. अशा स्मृती आधीही होत्या. मासुओकांनी एकेक कप्पा वेगळा पुसण्याची सोय सोडून दिली आणि मोठा भाग एकदम पुसण्याची रचना केली, त्यामुळे चिप लहान आणि स्वस्त झाली. एका सहकाऱ्याला ते पुसणे कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे वाटले, म्हणून 'फ्लॅश' स्मृती. 1984 साली त्यांनी ती जाहीर केली आणि 1987 मध्ये तिचा आणखी दाट 'नँड' हा प्रकार. प्लेअरमध्ये असतो तो हाच. या शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून मासुओकांनी 2004 मध्ये आपल्या जुन्या कंपनीवर 100 कोटी येनांचा दावा लावला. 2006 मध्ये 8 कोटी 70 लाख येनांवर तडजोड झाली. स्वस्त वस्तूच्या किमतीत कोणाकोणाचे किती धरलेले असते, हा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

कानाचे विज्ञान आणि फ्लॅश स्मृती यांची गाठ 1998 मध्ये पडली. त्या वर्षी कोरियाच्या सेहान कंपनीने 'एमपीमॅन' काढला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड मल्टिमीडिया कंपनीचा 'रिओ पीएमपी-300' आला. त्याची किंमत 200 डॉलर, साधी पेन्सिल सेलवर चाले, आणि गाणी घालण्यासाठी त्याला संगणकाच्या प्रिंटरच्या तोंडाला जोडावे लागे. 128 किलोबिटच्या हिशेबाने 32 मेगाबाइटांत जेमतेम 35 मिनिटांचे संगीत मावे, कॅसेटच्या एका बाजूएवढे. पण धावताना, हादरे बसताना गाणे अडखळत नसे.

रिओचे खरे महत्त्व न्यायालयात ठरले. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या अमेरिकन संघटनेने 1998 च्या ऑक्टोबरात त्याची विक्री थांबवण्यासाठी दावा केला. 1992 च्या एका कायद्याने अंकीय ध्वनिमुद्रण यंत्रांवर कर बसवला होता आणि प्रतीवरून प्रत काढता येऊ नये अशी यंत्रणा सक्तीची केली होती. रिओ त्या कायद्यात बसतो असे संघटनेचे म्हणणे. 15 जून 1999 रोजी अपील न्यायालयाने ते अमान्य केले. रिओ गाणी घेतो ती संगणकाच्या हार्ड डिस्कवरून, आणि हार्ड डिस्क म्हणजे काही संगीताची मुद्रिका नव्हे. शिवाय स्वतःजवळचे संगीत एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन ऐकणे हा खाजगी वापर कायद्याच्या हेतूशी सुसंगतच आहे, असेही न्यायालयाने नोंदवले. निकाल उलट लागता तर असे प्लेअर खर्चिक बंधनांत अडकले असते. ॲपल कंपनीचा आयपॉड 23 ऑक्टोबर 2001 ला आला तो या मोकळ्या झालेल्या वाटेने. अर्थात पहिल्या आयपॉडमध्ये फ्लॅश नव्हती, इवली हार्ड डिस्क होती, आणि किंमत होती 399 डॉलर. आपल्या कथेत त्याला जागा थोडीच.

आपल्या हाती प्लेअर आला तो दुसऱ्या चिपमुळे. गाणे उलगडणारा गणक, हेडफोनला पुरेसा आवाज देणारा वर्धक, संगणकाशी बोलणारी यूएसबी जोडणी आणि बॅटरीची देखरेख हे सर्व एकाच चिपवर आणले गेले. चीनमधील झुहाई शहराच्या ॲक्शन्स सेमीकंडक्टर या कंपनीच्या चिप असंख्य बिननावी प्लेअरमध्ये बसल्या. यातली गंमत अशी की त्यांतील अनेक चिपच्या पोटात, खास गणिती गणकाच्या शेजारी, झेड-80 या प्रक्रियकाचा वंशज बसलेला होता. मूळ झेड-80 झायलॉग कंपनीचा, 1976 चा! आपल्या तंत्रनिकेतनांत ज्या 8085 वर मुलांच्या पिढ्या शिकल्या, त्याचा हा चुलतभाऊ. दोघांचाही पूर्वज इंटेलचा 8080. बटण दाबले, यादी दाखवली, पुढचे गाणे घेतले, एवढ्या हिशेबी कामाला तीस वर्षांपूर्वीची अक्कल पुरेशी होती.

या यंत्राच्या खोडी वापरणाऱ्यांना आठवत असतील. गाणी नावाच्या क्रमाने वाजत नसत, ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने वाजत. देवनागरीत नाव दिले तर पडद्यावर नुसते चौकोन दिसत. म्हणून अभंगांची नावेही रोमन अक्षरांत लिहावी लागत. याउलट कोणतेही खास सॉफ्टवेअर लागत नसे. संगणकाला तो एक साधी डिस्क वाटे, आणि मित्राकडची गाणी दोन मिनिटांत येत. त्यातली बहुतेक फुकटची असत हेही सांगितले पाहिजे.

एक खोड मात्र खोड नव्हती, लबाडी होती. काही प्लेअरमध्ये लहान स्मृती घालून आतल्या नोंदीत मोठा आकडा लिहीत. संगणक त्या नोंदीवर विश्वास ठेवतो. खरी जागा भरली की नवे लिखाण जुन्यावर चढते, आणि तक्रार कुठेच येत नाही. मी घेतलेला प्लेअर वेष्टनावर 4 गिगाबाइटचा होता. त्यात बारीकसा माइकही होता, म्हणून एका विद्यार्थिनीच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी त्याच्यावर मुद्रित केल्या, मग वर गाणी भरली. महिन्याभराने ओव्यांच्या फाइली यादीत जागच्या जागी होत्या, त्यांची लांबीही बरोबर दिसत होती, पण उघडल्यावर खरखर. तपासले तेव्हा आतली चिप एका गिगाबाइटची निघाली. आजी तोवर गेल्या होत्या. तेव्हापासून कोणतेही कार्ड वा पेन-ड्राइव्ह शाळेत आले की आम्ही ते काठोकाठ भरतो, सगळे परत वाचून मूळ फाइलींशी ताडून पाहतो, आणि मगच कामाला घेतो. यासाठीची छोटी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. आठवीच्या मुलांना हे काम सहज जमते.

एमपी-थ्रीच्या पेटंटांची परवाना योजना फ्राउनहोफरने 23 एप्रिल 2017 रोजी बंद केली. आता ही पद्धत कोणीही विनामूल्य वापरू शकतो. ॲपलने आयपॉडचे उत्पादन थांबवल्याचे मे 2022 मध्ये जाहीर केले. बिननावी प्लेअर मात्र अजूनही बाजारात मिळतात. आमच्या वर्गातल्या प्लेअरला मुलांनी दुसऱ्या एका मोडक्या प्लेअरची बॅटरी बसवून घेतली. तो चालू झाला, आणि यादीतले पहिले गाणे म्हणून चार चौकोन दाखवू लागला.