दुकान खासगी, मग गिऱ्हाईक नाकारण्याचा हक्क कोणाचा? #थ्रेड

१/ अंधेरी स्थानकाबाहेर रिक्षावाला मान हलवून निघून जातो. रिक्षा त्याच्या मालकीची असली, तरी सबळ कारणाशिवाय भाडे नाकारणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७८ नुसार गुन्हा आहे. खासगी मालकीवर हे बंधन का? या प्रश्नाचा इतिहास महाडपर्यंत जातो.

२/ २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. विरोधकांनी न्यायालयात धाव घेतली. तळे खासगी स्वरूपाचे आहे, असाही त्यांचा दावा होता. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

३/ तळ्याचा प्रश्न सुटला. पण दुकान तर खरोखरच खासगी असते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ विचारला गेला.

४/ बाबासाहेबांचा आशय असा : येईल त्याला सेवा देऊ करणारी प्रत्येक जागा म्हणजे दुकान. डॉक्टर व वकीलही त्यात येतात का, या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी होकारार्थी दिले. महत्त्व मालकीला नव्हे, सर्वांसाठी उघडलेल्या दाराला होते.

५/ हीच तरतूद आज अनुच्छेद १५(२) म्हणून ओळखली जाते. पैसे न देणाऱ्या गिऱ्हाईकास दुकानदार नाकारू शकतो. केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान पाहून मात्र नाही.

६/ या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे आहेत. घराचा उल्लेख नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व समाजापुरते ठेवणारा नियम वैध ठरवला. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य हा त्यामागचा एक आधार होता.

७/ सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये मराठी असल्यामुळे कार्यालयासाठी जागा नाकारल्याची तक्रार एका महिलेने केली आणि राज्यभर संताप उसळला. जात, धर्म वा आहार विचारून भाडेकरू नाकारण्याचे प्रकार मात्र उपनगरांत त्याआधीपासूनच चालत आले आहेत.

८/ स्वतःच्या घरात कोणाला घ्यावे, हे ठरवण्याची मोकळीक माणसाला हवीच. पण जाहिरात देऊन, दलालामार्फत भाड्याने काढलेली सदनिका घर मानायची की दुकान? १९४८ चा निकष लावला, तर ती दुकानाच्या अधिक जवळ जाते. कायदा अजून तिथवर पोहोचलेला नाही.