पक्षी-वलयांकन : पक्षी पकडण्याच्या पद्धती

रानपक्षी जिवंत पकडून त्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके कडे घालायचे, मापे घ्यायची आणि त्याला तिथेच सोडून द्यायचे, या संशोधनपद्धतीला वलयांकन किंवा रिंगिंग म्हणतात. डेन्मार्कमधील व्हिबोर्गचे शिक्षक हान्स मोर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये स्टार्लिंग पक्ष्यांना अ‍ॅल्युमिनियमची कडी घातली, तेव्हापासून ती रुजली. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये धार संस्थानात या कामाचा आरंभ केला. मोठ्या प्रमाणावर ते सुरू झाले १९५९ नंतर, पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या नेतृत्वाखाली. कर्नाटकातील क्यासनूर वनज्वराचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांबरोबर आला असावा का, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले.

या कामाचा कणा होते बिहारचे मीरशिकार. पिढ्यान्‌पिढ्या बाजारासाठी पाखरे धरणाऱ्या या पारध्यांना पक्ष्याची चाल, उतरण्याची जागा आणि फाशांची मांडणी यांचे जे ज्ञान होते, ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. भरतपूर आणि तमिळनाडूतील कोडियक्कराई येथील शिबिरांत पक्षी पकडले ते त्यांनीच. अली हुसेन हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. भारतीय पक्षिशास्त्राने या माणसांचे ऋण आणखी ठळकपणे मान्य करायला हवे.

लहान पक्ष्यांसाठी मुख्य साधन म्हणजे मिस्ट नेट. मुळात जपानी पारध्यांचे असलेले हे जाळे दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या संशोधकांच्या हाती आले. अतिशय बारीक काळ्या धाग्याचे, साधारण अडीच मीटर उंच आणि ६ ते १२ मीटर लांब असे हे जाळे झाडोऱ्यालगत दोन काठ्यांमध्ये ताणतात. आडव्या दोऱ्यांमधला भाग मुद्दाम सैल ठेवतात. धडकलेला पक्षी त्या झोळीत पडतो आणि गुरफटतो. हे जाळे लावणे सोपे, पण पक्षी सोडवणे फार कठीण. पक्षी कोणत्या बाजूने आत शिरला ते आधी ओळखावे लागते. मग बहुधा पाय मोकळे करून पंख आणि शेवटी डोके सोडवतात. धागा जिभेत किंवा पंखात घट्ट रुतला, तर जाळे कापतात. जाळ्यापेक्षा पक्षी मोलाचा, हे शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

धोका असतो तो ऊन, पाऊस, वारा आणि उशीर यांचा. म्हणून जाळी पहाटे लावतात, अर्ध्या तासाच्या आत फेरी मारतात, कडक उन्हात त्याहूनही लवकर. पाऊस किंवा जोराचा वारा आला की ती गुंडाळतात. सोडवलेला पक्षी सुती पिशवीत घालून सावलीत टांगतात. मापे घेताना मान तर्जनी व मधल्या बोटाच्या बेचक्यात आणि पाठ तळहाताला, अशी पकड घेतात. छातीवर दाब येऊ देत नाहीत, कारण छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वास घेता येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणारा, पिसे फुलवून डोळे मिटणारा पक्षी मोजमाप न करता सोडून द्यावा. एक नोंद कमी झाली तरी चालते. पक्षी मेला, तर त्या नोंदीला अर्थ उरत नाही.

शिकारी पक्ष्यांसाठी बाल-छत्री वापरतात: आत आमिष ठेवलेला जाळीदार पिंजरा आणि त्यावर फासे. हे फासे पूर्वी घोड्याच्या केसांचे असत, आता नायलॉनचे असतात. ही आपल्याच उपखंडातील युक्ती आज परदेशांतही रूढ आहे. चिखलावर उतरणाऱ्या पाणपक्ष्यांसाठी फाशांच्या रांगा किंवा रात्रीची जाळी लावतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हे काम शासकीय परवानगीशिवाय करता येत नाही; छंद म्हणून जाळे लावणे हा गुन्हा आहे. कडे असलेला पक्षी कुठे आढळल्यास त्यावरचा क्रमांक, स्थळ आणि तारीख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावी. जिवंत पक्ष्याच्या पायातील कडे काढू नये.