मुळशीचा आंबेमोहर: धरणापासून आयटी पार्कपर्यंत

स्पेनमधला बोंबा हा आखूड, गुबगुबीत तांदूळ. पाएलाच्या पसरट कढईत तो रस्सा पोटभर पितो, तरी फुटत नाही. पण रोप उंच, वाऱ्याला आडवं पडणारं आणि उतारा बेताचा. त्यामुळे शेतकऱ्यांनी त्याला जवळपास रजाच दिली होती.

पुण्याजवळच्या मुळशीतल्या आंबेमोहर तांदळाची कुंडली हीच. दाणा आखूड, रोप उंच, पीक उशिरा तयार होणारं. भाताचा स्वभाव मात्र अगदी उलटा: शिजला की मऊ, चिकटसर आणि आंब्याच्या मोहरासारखा घमघमणारा. बाळाला भरवायचा मऊ भात, आजाऱ्याची पेज, सणाच्या पानातली वरण-भाताची मूद, सगळीकडे तोच.

त्याची शेती घाम काढणारी. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि फांद्यांचे थर रचून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यात दाढ (रोपांसाठीचं बी) टाकायची, मग चिखलणी करून लावणी. एवढं करूनही ऐन दाणा भरताना वारा-पाऊस आला की भात लोळलंच.

खरा घाव पडला तो जमिनीवर. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी मुळशीत धरण बांधायला घेतलं आणि खोऱ्यातली कसदार भातखाचरं पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झालं. १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लढा चिवट होता, पण धरण झालंच. मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजघरात उतरलं.

उरलेल्या खाचरांत स्पर्धा घरचीच उभी राहिली. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. उतारा जास्त, भात मऊ, थोडा वासही. घर चालवायचं तर इंद्रायणीच परवडतो. शेतकऱ्याला त्यात दोष देण्यात अर्थ नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस याच मुळशी तालुक्यात, हिंजवडीला, राजीव गांधी इन्फोटेक पार्क आलं. जमिनीचा भाव गुंठ्यावर ठरू लागल्यावर उशिराच्या, कमी उताऱ्याच्या भाताचा हिशेब कोण मांडणार?

स्पेनमध्ये बोंबा पिकवणाऱ्या कालास्पार्रा भागातल्या तांदळाला १९८६ मध्ये मूळस्थानाचं संरक्षण मिळालं आणि बोंबाला चांगला भाव येत गेला. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१६ मध्ये. मानांकनाने नाव वाचतं, खाचर नाही. बाजारात आंबेमोहर म्हणून परराज्यांतला तांदूळही सर्रास विकला जातो. पुढच्या वेळी वाण्याकडे गेलात तर भाव विचारण्याआधी माल कुठल्या तालुक्यातला आहे, ते विचारा.