मुठीतील ऊब : मोटारसायकलस्वाराच्या गोठलेल्या बोटांचा इतिहास

जून १९४१ मध्ये जर्मन सैन्याने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले, तेव्हा त्या सैन्याच्या अग्रभागी मोटारसायकली होत्या. साइडकारवर मशीनगन रोखून, धुळीचे लोट उडवीत जाणारे स्वार हे त्या उन्हाळ्यातील जर्मन प्रचारपटांचे आवडते दृश्य होते. सहा महिन्यांनी मॉस्कोच्या वेशीवर याच स्वारांची बोटे हँडलवर आखडू लागली.

त्या हिवाळ्यात एक लाखाहून अधिक जर्मन सैनिकांना हिमदंश झाला. २६ मे १९४२ रोजी, पूर्व आघाडीवर तो हिवाळा काढलेल्यांसाठी एक खास पदक जाहीर झाले. अधिकृत नाव भारदस्त होते. सैनिकांनी मात्र त्याचे बारसे ‘गोठलेल्या मांसाचे पदक’ असे केले.

आज एखाद्या महागड्या मोटारसायकलीच्या हँडलवर एक छोटे बटण असते. ते दाबले की दोन्ही मुठी गरम होतात. ‘हीटेड ग्रिप’ ही सोय चैनीची वाटते खरी. पण त्या बटणापर्यंत पोहोचण्यास मोटारसायकलीला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. उष्णता देणारी तार कशी करावी, हे फार पूर्वीच ठाऊक होते. अडले होते ते निराळ्याच ठिकाणी. त्या अडथळ्याचा शोध हा या धाग्याचा विषय.

प्रथम बोटांविषयी. थंडी वाढली की शरीर हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांची ऊब राखते आणि हातापायांच्या टोकांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. दुष्काळात कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचू नये, तशी बोटांची गत होते. थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञाने १९३० मध्ये एक विलक्षण निरीक्षण मांडले : बोटे बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवली, तर काही मिनिटांनी रक्तवाहिन्या आपोआप पुन्हा उघडतात, बोटे किंचित गरम होतात, आणि मग पुन्हा मिटतात. शरीराची ही धडपड बोटे वाचविण्यासाठीच असते. परंतु सर्वांगच गारठलेले असेल, तर ही यंत्रणाही मंदावते. हिवाळ्यात दोन-तीन तास गाडी चालविणारा स्वार नेमका याच अवस्थेत असतो.

त्यात मोटारसायकलीची स्वतःची एक खोड आहे : ती आपला वारा आपणच निर्माण करते. वारा थंडीला किती धार आणतो, याचे पहिले पद्धतशीर मोजमाप अंटार्क्टिकात झाले. १९४० च्या ध्रुवीय हिवाळ्यात पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी ‘लिटल अमेरिका’ तळावर पाण्याने भरलेली प्लास्टिकची नळकांडी उघड्यावर टांगली आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ते पाणी गोठण्यास किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजले. प्रयोग इतका साधा की शाळेतही करता यावा! त्याचे निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि हवामानवृत्तात ‘विंड चिल’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, त्याचा उगम याच नळकांड्यांत आहे.

सध्या प्रचलित असलेल्या सुधारित सूत्राने हिशेब मांडला, तर शून्य अंश तापमानात ताशी ८० किलोमीटर वाऱ्याची झोंबणी उघड्या कातडीला उणे १० अंशांसारखी लागते. हँडल धरलेले हात या वाऱ्याला सर्वांत आधी सामोरे जातात. आणि गाडीची निम्मी सूत्रे याच हातांत असतात : उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्यात क्लच. बोटे बधिर झाली की लिव्हर किती दाबला गेला आहे, हेच कळेनासे होते. ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर पुढच्या ब्रेकचा अंदाज चुकला, तर पुढे काय होते, हे कोणाही स्वाराला सांगावे लागत नाही.

आता पुन्हा रशियाकडे. जर्मन स्वाराकडे रबर चढविलेल्या कापडाचा लांब कोट होता. त्याचा घेर पायांभोवती बटणांनी आवळता येई. पाऊस आणि वारा यांसाठी तो उत्तम होता, पण कोट बोटांचे रक्षण करीत नाही. जाड हातमोजे घातले, तर लिव्हर आणि अ‍ॅक्सिलरेटर यांची जाणीव जाते. पातळ घातले, तर बोटे जातात.

यावर बी.एम.डब्ल्यू. आर ७५ आणि झुंडाप के.एस. ७५० या दोन जड लष्करी गाड्यांसाठी एक तोडगा निघाला. साइडकारचे चाकही इंजिनाने फिरविणाऱ्या या गाड्या खास युद्धासाठी घडविल्या होत्या. अभियंत्यांनी वीज वापरली नाही. त्यांनी एक्झॉस्टकडे पाहिले. पेट्रोलमधील ऊर्जेचा मोठा भाग धुराड्यातून उष्णतेच्या रूपाने वाया जातो. तीच उष्णता नळ्यांवाटे स्वाराच्या हातापायांशी आणि साइडकारमध्ये नेण्याची व्यवस्था करण्यात आली. काश्मिरी माणूस फेरनच्या आत कांगडी बाळगतो, त्याच जातीची ही युक्ती : आग आहेच, तिच्याजवळ हात न्यायचे.

युक्ती चतुर होती, पण गैरसोयीची. फिरत्या हँडलपर्यंत लवचीक नळ्या न्यायच्या, त्यांचे वजन आणि अडगळ सोसायची. आणि ऊब कमी-जास्त करण्याला फारसा वाव नाही. शांततेच्या काळात ती सर्वसामान्य गाड्यांवर रुळली नाही, यात नवल नाही.

मग वीज का नाही? कारण विजेने हात शेकण्याची कला तोवर जुनी झाली होती. फक्त ती जमिनीवर नव्हती, आकाशात होती. पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धातच उघड्या विमानांतील वैमानिकांसाठी विजेच्या तारा विणलेले कपडे आणि हातमोजे तयार झाले होते. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकन बॉम्बफेक्या विमानांतील तोफचालकांचा जीवच अशा पोशाखावर अवलंबून असे. बी-१७ विमानाच्या कुशीतील खिडक्या आरंभी उघड्याच असत. सात-आठ हजार मीटर उंचीवर बाहेर उणे ४० अंश, आणि मशीनगनवर हात.

त्यांचा आरंभीचा निळा विद्युत पोशाख एका दोषासाठी कुप्रसिद्ध झाला. त्यातील तारा एकसर जोडणीत होत्या. दिवाळीच्या जुन्या दीपमाळेत एक दिवा गेला की सारी माळ विझते, तसेच इथे होई : एका हातमोज्यातील तार तुटली की सारा पोशाख थंड. पुढच्या आवृत्त्यांमध्ये समांतर जोडणी आली आणि एक भाग निकामी झाला तरी उरलेले भाग तापत राहू लागले. हा धडा मोटारसायकलीच्या मुठींनाही लागू पडतो. त्याकडे पुढे येऊच.

विमानाला हे परवडले, कारण त्याच्या प्रचंड इंजिनांवर मोठी जनित्रे बसविलेली होती. मोटारसायकलीची कथा दरिद्री होती, आणि ती मोजून पाहण्याजोगी आहे. बी.एम.डब्ल्यू.ची आर ६९ एस ही १९६० च्या दशकातील जर्मनीची शान. तिचा डायनॅमो ६ व्होल्टचा, क्षमता जेमतेम ६० ते ९० वॅट. त्यातून ३५ वॅटचा हेडलाइट जळायचा, मागचा दिवा जळायचा, इग्निशन चालायचे आणि बॅटरीही भरायची. आजच्या गरम मुठींची एक जोडी ३५ वॅटच्या आसपास वीज घेते. म्हणजे हिवाळ्यातील अंधाऱ्या संध्याकाळी त्या स्वारापुढे निवड उरली असती ती दिवा की हात, एवढीच. त्यातही डायनॅमो मंद गतीवर फारसे काही देत नाही. त्या काळातील उत्कृष्ट गाड्यांची ही स्थिती. मग स्वस्त गाड्यांचे काय वर्णावे!

तरीही लोक हिवाळ्यात गाड्या चालवीतच होते. काही तर हौसेने. १९५६ च्या हिवाळ्यात एर्न्स्ट लेव्हरकुस या मोटारसायकल-पत्रकाराने स्टुटगार्टजवळच्या सॉलिट्यूड येथे साइडकारवाल्यांचा एक मेळा भरविला. वीसेक स्वार आले. त्यांच्या आवडत्या झुंडाप के.एस. ६०१ या धिप्पाड गाडीला ‘हिरवा हत्ती’ म्हणत, म्हणून हा ‘हत्तींचा मेळा’. पुढे १९६१ पासून तो न्युरबर्गरिंगवर भरू लागला आणि स्वारांची संख्या हजारांत गेली. भर हिवाळ्यात, बर्फात तंबू ठोकून राहायचे, हाच त्याचा नियम आणि हाच आनंद. या मेळ्याने हिवाळी स्वारीला एक समाज मिळवून दिला. कोणता हातमोजा टिकतो, हँडलवर चामड्याच्या पिशव्या कशा शिवाव्यात, वर्तमानपत्र छातीशी कसे कोंबावे, ही विद्या अशा शेकोट्यांभोवतीच एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

पारडे फिरले ते १९६९ मध्ये, आणि त्यामागे गारठलेल्या हातांची काळजी मुळीच नव्हती. बी.एम.डब्ल्यू.ने बर्लिनच्या श्पांडाऊ कारखान्यातून ‘/५’ ही नवी मालिका आणली. त्यात १२ व्होल्टची यंत्रणा आणि १८० वॅटचा अल्टरनेटर आला. हे सारे विद्युत स्टार्टर आणि झगझगीत दिव्यांसाठी होते. लाथ मारून गाडी सुरू करण्याचा कंटाळा आलेल्या गिऱ्हाइकाने, नकळत का होईना, हिवाळी स्वाराच्या बोटांची तरतूद केली. १९७३ च्या ‘/६’ मालिकेत बहुतेक गाड्यांवर हाच आकडा २८० वॅटवर गेला. प्रथमच मोटारसायकलीकडे सारे दिवे लावूनही वीज शिल्लक उरू लागली.

म्हणूनच १९८० च्या दशकाच्या आरंभी बी.एम.डब्ल्यू.ने कारखान्यातूनच गरम मुठी जादा सोय म्हणून देऊ केल्या, तेव्हा त्यातील शोधाचा भाग थोडा होता, पुरवठ्याचा फार. इतर कंपन्या सावकाश आल्या. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठीच जन्मलेल्या होंडा गोल्डविंगवर हा संच २००६ मध्ये आला, यावरून ही सोय किती काळ ‘जर्मन खूळ’ समजली गेली असेल, याची कल्पना येते.

हा इतिहास ठाऊक असला की बाजारातून संच घेऊन बसविणाऱ्यास निम्मे प्रश्न आपोआप कळतात. पहिला प्रश्न मुठीचा नसून अल्टरनेटरचा असतो. गाडीच्या माहितीपत्रकात त्याचे वॅट पाहावेत, त्यातून दिवे, इग्निशन, इंधनपंप यांचा खर्च वजा करावा. पुण्या-मुंबईहून लडाखला निघालेल्या एकसिलिंडर गाडीवर जादा दिवे, मोबाइलचा चार्जर आणि वर गरम मुठी असा संसार मांडला, की आर ६९ एस-च्या स्वाराचीच अवस्था पुन्हा ओढवते. विशेषतः घाटात रांगेत उभे असताना, जेव्हा इंजिन मंद गतीवर असते.

दुसरा प्रश्न वीज कोठून घ्यावी हा. थेट बॅटरीवरून घेतली आणि बटण बंद करायचे राहिले, तर सकाळी गाडी सुरू होत नाही. त्यासाठी मध्ये रिले घालावा. तो किल्लीबरोबर उघडतो-मिटतो आणि मुठींचा प्रवाह नाजूक किल्लीतून जाऊ देत नाही. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. बॅटरीचा दाब घसरला की स्वतःच बंद होणारे नियंत्रक काही संचांत असते. थोडे अधिक पैसे मोजून तसा संच घेणे शहाणपणाचे.

मापही पाहावे. हँडलचा व्यास सामान्यतः २२ मिलिमीटर असतो, काही जड क्रूझर गाड्यांवर २५ मिलिमीटरच्या आसपास. पूर्ण मुठी बदलणारा संच असतो, तसेच मूळ मुठीखाली चिकटवायच्या पातळ पट्ट्याही मिळतात. पट्ट्या स्वस्त आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण त्यांनी मूठ जाड होते. लहान पंजाच्या स्वाराने आधी हाताळून पाहावे. उजव्या मुठीची तार अ‍ॅक्सिलरेटरबरोबर फिरते, म्हणून तिला पुरेशी ढील ठेवावी आणि हँडल दोन्ही टोकांना वळवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून पाहावा. तार अडकून अ‍ॅक्सिलरेटर परत येईनासा झाला, तर थंडीपेक्षा मोठे संकट ओढवते.

बॉम्बफेक्या विमानांचा धडाही इथेच उपयोगी पडतो. काही साध्या संचांत दोन मुठी एकसर जोडल्या की मंद उष्णता आणि समांतर जोडल्या की तीव्र, अशी व्यवस्था असते. अशा संचात एक तार तुटली तर मंद खटक्यावर दोन्ही मुठी थंड पडतात, तीव्र खटक्यावर एक तरी तापते. दोष शोधण्याची ही सोपी खूण आहे.

गरम मुठीची मर्यादाही जुनीच आहे. ती तळव्याला ऊब देते. वारा बसतो तो हाताच्या पाठीवर. म्हणून मुठींच्या जोडीला हँडलपुढे ढाल किंवा पिशव्या असतील, तर त्याच विजेत दुप्पट सुख मिळते. हातमोजाही तळव्याकडे पातळ आणि पाठीकडे जाड असावा. जाडजूड तळव्याचा हातमोजा मुठीची उष्णता हातापर्यंत पोहोचूच देत नाही.

आणि एक तक्रार बहुतेक स्वार करतात : डावी मूठ उजवीपेक्षा थंड लागते. संच सदोष असेलच असे नाही. उजवी मूठ बहुधा अ‍ॅक्सिलरेटरच्या प्लास्टिक नळीवर बसते आणि प्लास्टिक उष्णता अडवून धरते. डावी मूठ थेट हँडलच्या धातूवर असते, आणि वाऱ्यात गार पडलेले ते हँडल तिची ऊब शोषून घेते. चांगले उत्पादक डाव्या बाजूला उष्णतारोधक थर देतात किंवा तिथली तार जराशी अधिक तापेल अशी करतात. संचात तसे काही नसेल, तर मूठ चढविण्यापूर्वी डाव्या हँडलवर उष्णतारोधक पट्टीचा एक पातळ वेढा देतात आणि मग मूठ सरकते की नाही, हे पाहून घेतात.