फडताळातल्या मालिका

मालिका विकत घ्यावी, फडताळात लावून ठेवावी आणि मनात येईल तेव्हा काढून पाहावी, ही कल्पना दूरचित्रवाणीच्या जन्मदात्यांच्या स्वप्नातही नव्हती. या माध्यमाचा आरंभीचा इतिहास हा बऱ्याच अंशी पुसण्याचाच इतिहास आहे. कार्यक्रम कीर्तनासारखा, ठरल्या वेळी होणार आणि हवेत विरून जाणार. ध्वनिचित्रफीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती, तेव्हा ती पुसणे हाच शहाणपणा समजला जाई. बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातील कितीतरी भाग असेच नष्ट केले. परदेशी केंद्रांना प्रक्षेपणासाठी पाठवलेल्या प्रतींतून काही पुढे हाती लागले. नायजेरियात सापडलेल्या नऊ हरवलेल्या भागांची घोषणा तर २०१३ मध्ये झाली. परंतु याहून विलक्षण गोष्ट अशी की, जे भाग चित्ररूपाने उरले नाहीत त्यांचाही ध्वनी मात्र शाबूत राहिला. का? तर काही प्रेक्षकांनी आपापल्या घरी टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला होता. संस्थेने टाकले ते हौशी माणसाने राखले.

कायद्याला हा हौशी माणूस कधीच फारसा रुचला नाही. सोनी कंपनीच्या बेटामॅक्स यंत्राविरुद्ध युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी लढवलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाली निघाला. घरच्या घरी मुद्रण करण्याचा हक्क त्या दिवशी मान्य झाला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे, पण अर्धेच. न्यायालयाने प्रामुख्याने ज्याला अभय दिले तो प्रेक्षक कार्यक्रम मुद्रित करतो, सोयीच्या वेळी एकदा पाहतो आणि पुसून टाकतो. फितींचा संग्रह करणाऱ्याचा प्रश्न निकालात बाजूलाच राहिला. माझ्या मते पुढच्या चाळीस वर्षांतील सगळ्या भांडणाचे बीज या बाजूला राहण्यात आहे.

मग डीव्हीडी आली. जपानमध्ये १९९६च्या अखेरीस, अमेरिकेत १९९७ साली. व्हीएचएसच्या एका कॅसेटवर दोन-तीन भाग मावत, त्यामुळे अख्खी मालिका घरात ठेवायची तर भिंत अडवावी लागे. तबकड्यांचा संच पुस्तकाएवढ्या जागेत बसू लागला. 'द एक्स-फाइल्स'च्या पहिल्या पर्वाचा संच २००० साली निघाला आणि संपूर्ण पर्व एकत्र विकण्याची प्रथा पडली. २००२ मध्ये बंद केलेली 'फॅमिली गाय' ही मालिका तबकड्यांच्या खपामुळे २००५ मध्ये पुन्हा सुरू करावी लागली. कंपन्यांना प्रेक्षकाचा कपाटप्रेमी अवतार प्रथमच फायद्याचा वाटला. (तरीही अविश्वास होताच. जगाचे प्रदेश पाडून प्रत्येकाला क्रमांक दिला गेला. अमेरिका १, भारत ५. तिकडच्या नातेवाइकांनी हौसेने आणलेला संच इथला नियमाबरहुकूम वागणारा प्लेअर नाकारत असे.)

पण तबकडीवर असते ती मूळ कृतीच, असे समजू नये. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही १९७८ ते १९८२ या काळात सीबीएस वाहिनीवर चाललेली विनोदी मालिका एका नभोवाणी केंद्राची गोष्ट सांगते. त्यामुळे त्या-त्या काळची खरी गाणी तिच्यात पार्श्वभूमीला वाजतात, इतकेच नव्हे तर संवादांशी गुंतलेली असतात. गाण्यांचे परवाने मर्यादित मुदतीचे होते. मुदत संपल्यावर पुनःप्रक्षेपणात त्यांच्या जागी कुठलेतरी बेनाव संगीत घातले गेले, आणि गाण्यावरचे संवाद काही ठिकाणी नकली आवाजांत पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. २००७ साली निघालेल्या पहिल्या पर्वाच्या अधिकृत संचातही बरीच गाणी बदललेलीच होती. सत्तरच्या दशकात घरी मुद्रित केलेली, मधूनच खरखरणारी फीत ज्याच्याकडे होती त्याच्याकडे अधिक अस्सल पाठ होता! जुन्या हस्तलिखितांच्या पाठभेदांवर आयुष्य वेचणाऱ्या पंडितांना ही परिस्थिती ओळखीची वाटावी. २०१४ मध्ये शाउट फॅक्टरी या कंपनीने खटपट करून बहुतेक गाण्यांचे परवाने नव्याने मिळवले आणि मालिकेचा आवाज बव्हंशी तिला परत दिला.

पुढची कथा अलीकडची असल्याने थोडक्यात सांगतो. तबकड्या टपालाने पाठवून उभ्या राहिलेल्या नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केले आणि २९ सप्टेंबर २०२३ रोजी टपालाचा व्यवसाय बंद केला. 'वेस्टवर्ल्ड' डिसेंबर २०२२ मध्ये एचबीओच्या स्वतःच्याच सेवेवरून हटली. तिच्या चारही पर्वांच्या तबकड्या निघालेल्या असल्यामुळे ती निदान कपाटांत उरली. 'विलो'चे तसे झाले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेली ही मालिका डिस्नेने मे २०२३ मध्ये आपल्या सेवेवरून काढली आणि तोवर तिची तबकडी निघालेली नव्हती. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असताना तसे स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' म्हणण्यास मनाई केली. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. शब्दाचा अर्थ पाळावा म्हणून कायदा करावा लागला, हे पुरेसे बोलके आहे.

संग्राहकांनी मात्र यावर फार हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण तबकडीही अमर नाही. २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या आपल्या काही डीव्हीडी नीट चालेनाशा झाल्याचे वॉर्नर कंपनीने २०२५ मध्ये मान्य केले. वरून नवीकोरी दिसणारी तबकडी आतून सडलेली असते, आणि यंत्रात घातल्याशिवाय ते कळत नाही. यावर उपाय एकच, वेळीच दुसरी प्रत करून ठेवणे. परंतु १९९८च्या अमेरिकी कायद्यानुसार डीव्हीडीवरील सांकेतिक कुलूप तोडणे निषिद्ध आहे. दर तीन वर्षांनी तेथे या कायद्यातील सवलतींचा फेरविचार होतो. आपण दाम मोजून घेतलेल्या तबकडीची घरगुती वापरासाठी प्रत करू द्यावी, अशी मागणी २०१२ मध्ये फेटाळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा फेटाळली गेली.