‘मला तर सगळं दिसत होतं!’ : अंधार, थंडी आणि सायकलस्वाराची गोष्ट

हिवाळ्यात उशिरा उजाडतं आणि लवकर अंधारतं. शाळेची घंटा, कारखान्याची पहिली पाळी, दुधाचा रतीब, पेपरची लाइन यांच्या वेळा मात्र बदलत नाहीत. त्यामुळे या दिवसांत सायकलवरून किंवा पायी जाणारी बरीच माणसं अंधारातच घराबाहेर पडतात. अंधारात गाडीची धडक बसलेला रुग्ण शुद्धीवर असेल, तर त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘‘मला गाडी लांबूनच दिसली होती. मला वाटलं, त्यालाही मी दिसलो असेन.’’

रुग्ण खोटं बोलत नसतो. त्याला गाडी खरोखरच दिसलेली असते. पण आपल्याला दिसणं आणि आपण दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे साधं सत्य समजायला जगाला बरीच वर्षं लागली आणि त्याची किंमत हजारो जिवांनी मोजली. आधी आपला डोळा अंधारात काय करतो ते पाहू, मग ब्रिटन आणि फिनलंड या दोन थंड देशांनी काय अनुभवलं आणि शेवटी आपल्यासाठी त्यात काय आहे, ते बघू.

डोळा फसतो कसा?

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग दाखवतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत आणि बारकावेही नीट कळत नाहीत. उजेडातून अंधारात गेल्यावर दंडपेशी पूर्ण कामाला लागायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्यांच्यातलं प्रकाश टिपणारं द्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनतं. म्हणून त्याच्या कमतरतेत रातांधळेपणा येतो.

आता रस्त्यावरची स्थिती पाहा. सायकलस्वार पंधरा-वीस मिनिटं अंधारातून चाललेला असतो, त्याचे डोळे सरावलेले असतात. त्याला रस्ता, झाडं, कडेचा दगड, सगळं अंधुक का होईना, दिसत असतं. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे तर लखलखीत दिसतात. गाडी चालवणाऱ्याचे डोळे मात्र स्वतःच्या आणि समोरच्या गाड्यांच्या दिव्यांमुळे अंधाराला सरावलेलेच नसतात. काळपट स्वेटर घातलेला माणूस काळ्या डांबरी रस्त्यावर त्याच्यासाठी जवळजवळ नसतोच.

अमेरिकेतल्या संशोधकांनी 1970 मध्ये हे मोजून दाखवलं. रात्री रस्त्यावर उभं राहून ‘आता मी चालकाला दिसत असेन’ असा पादचाऱ्यांनी केलेला अंदाज आणि चालकाला ते प्रत्यक्ष ज्या अंतरावरून दिसले ते अंतर, यांत मोठी तफावत होती. ते लोक स्वतःला, होते त्यापेक्षा कितीतरी जास्त ‘दिसणारे’ समजत होते.

मागचा दिवा लावायचा कोणी?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलला तेलाचे दिवे आले, मग कार्बाइडवर पाणी ठिबकवून पेटणारे गॅसचे दिवे आणि पुढे चाकावर फिरणारा डायनामो. हे सगळे दिवे पुढचे. मागच्या बाजूचं काय, यावर ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. मोटारी वाढल्या तसा मागच्या लाल दिव्याचा आग्रह वाढला. सायकलस्वारांच्या संघटनेने सक्तीला विरोध केला. त्यांचा मुद्दा असा : आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्याच अंतरात थांबता येईल, अशा वेगाने मोटार चालवणं ही चालकाची जबाबदारी आहे. मागच्या दिव्याची सक्ती केली, तर चालक बेफिकीर होतील आणि दिवा विझला की मरणारा सायकलस्वारच दोषी ठरेल.

हा मुद्दा आजही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुबळ्याने स्वतःला सांभाळायचं की बलवानाने जपून चालायचं, हा प्रश्न आपल्याही रस्त्यांवर रोज असतो. तिथे तेव्हा मागे लाल दिवा किंवा लाल रिफ्लेक्टर, यांपैकी एक चालेल अशी तडजोड झाली. मग दुसरं महायुद्ध आलं.

दिवे गेले आणि माणसं गेली

1 सप्टेंबर 1939 पासून ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला. जर्मन विमानांना शहरं दिसू नयेत म्हणून रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्यांना काळे पडदे, गाड्यांच्या दिव्यांवर झाकणं. पहिल्याच महिन्यात रस्त्यांवरचे मृत्यू आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या जवळपास दुप्पट झाले. शहरांवर मोठे हवाई हल्ले सुरू व्हायला तेव्हा अजून बराच अवकाश होता. पेट्रोलवर रेशनिंग आलं, खासगी मोटारी कमी झाल्या, तरीही 1940 मध्ये रस्त्यांवर 8,609 माणसं मेली आणि 1941 मध्ये 9,169. ब्रिटनच्या रस्त्यांवर एका वर्षात झालेल्या मृत्यूंचा तो आजवरचा उच्चांक आहे.

सरकारने सुचवलेले उपाय आज गमतीचे वाटतील. फुटपाथच्या कडा आणि झाडांची खोडं पांढरी रंगवली. पुरुषांना शर्ट बाहेर सोडायला सांगितलं, म्हणजे अंधारात पांढरं काही तरी हलताना दिसेल. सायकलला मागचा लाल दिवा सक्तीचा झाला. फेब्रुवारी 1940 मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर रात्रीसाठी ताशी 20 मैलांची वेगमर्यादा आली. म्हणजे वादातल्या दोन्ही बाजूंचं ऐकावं लागलं. सायकलस्वाराने दिसायचं आणि चालकाने वेग कमी करायचा.

जिथे दिवस साडेतीन तासांचा असतो

युद्धातला अंधार माणसाने आणलेला होता. फिनलंडचा अंधार निसर्गाचा आहे. उत्तर फिनलंडमधल्या ओउलू शहरात डिसेंबरमध्ये सूर्य जेमतेम साडेतीन तास वर असतो. तापमान उणे 15 ते 20 अंशांपर्यंत सहज उतरतं. तरीही तिथली मुलं सायकलने शाळेत जातात आणि मोठी माणसं कामावर जातात.

ही माणसं आपल्यापेक्षा जास्त काटक असतात म्हणून हे घडत नाही. 1970च्या दशकापासून या शहराने मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या वाटा बांधत नेल्या. आज त्यांची लांबी 900 किलोमीटरहून अधिक आहे. बहुतेक वाटा पादचारी आणि सायकलस्वार यांच्या सामाईक आहेत. त्यांवर दिवे असतात. बर्फ पडला की यंत्राने तो सकाळच्या गर्दीआधी बाजूला करतात, उरलेला थर दाबून घट्ट करतात आणि घसरू नये म्हणून बारीक खडी टाकतात. 2013 मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती याच शहरात.

एका शेतकऱ्याचा शोध

फिनलंडने जगाला आणखी एक लहानशी वस्तू दिली. नैर्ऋत्य फिनलंडमधल्या पेर्त्तेली गावचे आर्वी लेहती हे शेतकरी प्लास्टिकच्या वस्तूही बनवत. अंधारात घोडागाड्यांना मोटारी धडकू नयेत म्हणून ते त्यांच्यासाठी रिफ्लेक्टर तयार करत होते. त्यातूनच पुढे माणसाने कोटाला दोरीने लटकवायचा छोटा रिफ्लेक्टर निघाला. 1973 मध्ये कालेर्वो सुओमेला यांनी त्याला हिमकणाचा आकार दिला आणि तो घरोघरी पोचला. आज तिथे अंधारात पायी चालणाऱ्याने रिफ्लेक्टर वापरावा, असं कायदाच सांगतो.

आरसा प्रकाश भलतीकडे फेकू शकतो. रिफ्लेक्टर मात्र प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतो, म्हणजे थेट चालकाच्या डोळ्यांकडे. साध्या डिपर दिव्यांत गडद कपड्यांतला माणूस साधारण 50 मीटरवरून दिसतो, रिफ्लेक्टर असेल तर 150 मीटर किंवा त्याहून लांबून. ताशी 60 किलोमीटर वेगाने 50 मीटर अंतर तीन सेकंदांत संपतं, 150 मीटरला नऊ सेकंद मिळतात. ब्रेक दाबून गाडी थांबेपर्यंत तीन सेकंद कसेबसे पुरतात, आणि चालक दमलेला असेल तर तेवढेही पुरत नाहीत.

रिफ्लेक्टर कुठे लावावा, याचं उत्तर स्वीडनमधून मिळालं. मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी 1973 मध्ये माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा ठिपके लावून अंधारात चित्रीकरण केलं. माणूस स्थिर असताना ते नुसते ठिपके वाटत. तो चालायला लागला की क्षणार्धात पाहणाऱ्याला कळे, हा माणूस आहे. आपला मेंदू माणसाची हालचाल इतक्या पटकन ओळखतो. म्हणून पाठीवरच्या एका पट्टीपेक्षा घोट्यावर आणि गुडघ्यावर बांधलेल्या पट्ट्या जास्त उपयोगी. पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर वरखाली होतात, तेव्हा लांबूनही ‘सायकल आहे’ हे समजतं.

आपल्या रस्त्यांवर

पुणं सायकलींचं शहर होतं, तेव्हा बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे दोन गुन्हे सर्वांना माहीत होते. पोलीस दिसला की लोक उतरून सायकल हातात धरून चालू लागत. दिवा आपल्या जिवासाठी आहे, ही भावना मात्र रुजली नाही.

लेहतींच्या घोडागाडीची गोष्ट तर आपल्या ऊसपट्ट्यातलीच वाटावी. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं आणि थंडीच्या धुक्यात उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. उसाच्या शेंड्यांनी मागचा भाग झाकला जातो आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा दरवर्षी होतात, त्या महत्त्वाच्या आहेत.

मग करायचं काय?

* सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावा. मागचे आणि पॅडलचे रिफ्लेक्टर पुसून स्वच्छ ठेवा. चिखल बसलेला रिफ्लेक्टर निरुपयोगी.
* चमकणाऱ्या पट्ट्या घोटे आणि गुडघ्यांवर बांधा. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनीही. नुसते पांढरे कपडे काळ्यापेक्षा बरे, पण पट्टीची सर त्यांना नाही.
* नदीकाठचा किंवा बागेतला रस्ता चालणाऱ्यांसोबत वापरत असाल, तर दिवा खाली झुकवा. तुमच्या झगझगीत एलईडीने समोरच्या आजोबांचे डोळे दिपतात आणि नेमके तेच तुम्हाला आडवे येतात. लांबून घंटी वाजवा, वेग कमी करा.
* थंड वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं, बोटं बधिर होतात आणि ब्रेक उशिरा लागतो. साधे पारदर्शक गॉगल आणि हातमोजे वापरा. दमा असेल तर नाका-तोंडावर रुमाल बांधा आणि पंप खिशात ठेवा.
* गाडी चालवणाऱ्यांनी काच आतून-बाहेरून पुसावी, समोरून कोणी येत असेल तर डिपर द्यावा. पन्नाशीनंतर बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि मोतीबिंदूमुळे उजेड फाकतो. रात्री त्रास होत असेल तर डोळे तपासून घ्या.

आणि ही सगळी जबाबदारी सायकलवाल्याच्या गळ्यात घालून मोकळं होता येणार नाही. ओउलूतली मुलं सुरक्षित आहेत, कारण त्यांच्या अंगावर रिफ्लेक्टर आहे आणि शहराने त्यांना उजेड असलेली वाटही दिली आहे. आपल्या वॉर्डातल्या रस्त्यावर बंद पडलेला दिवा दिसला तर तक्रार जरूर नोंदवा. पण तो दुरुस्त होईपर्यंत वाट पाहू नका. आज संध्याकाळीच सायकलच्या दुकानातून चमकत्या पट्ट्या आणा, एक जोडी स्वतःसाठी आणि एक घरी पहाटे पेपर टाकायला येणाऱ्या मुलासाठी.