‘जमीन सोड’ म्हणण्याआधी

अलिबाग तालुक्यात पोयनाडजवळ चरी नावाचे छोटेसे गाव आहे. भाड्याच्या जागेतून ‘उद्या निघा’ असे सांगितले गेले की माणसाच्या पायाखालची जमीन सरकते. चरीच्या कुळांची तर जमीनच सरकत होती, आणि तीही दरवर्षी.

खारेपाटातली ही भातशेती. समुद्राचे पाणी अडवणारे बांध कुळांनी राखायचे, चिखलात आवण लावायचे आणि मळणीनंतर पिकाचा मोठा वाटा खोताच्या किंवा सावकाराच्या अंगणात पोचवायचा. जमिनीचा आधार म्हणजे कबुलायतीवरचा अंगठा. त्यात काय लिहिले आहे, हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे.

कायदा अगदीच नव्हता असे नाही. १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात वार्षिक कुळवहिवाट मोडण्यासाठी वर्षअखेरीच्या तीन महिने आधी लेखी नोटीस द्यावी, असे सांगितले होते. वर्ष ३१ मार्चला संपते, असे धरले जाई. पण करार ठरावीक मुदतीचा असला, तर मुदत सरताच हक्कही सरे. मग नोटीस कसली आणि दाद कुठे मागायची?

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवले, की जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावे संपात उतरली. ज्या जमिनीवरून काढून टाकण्याची भीती होती, तीच त्यांनी पडीक ठेवली. कसणाराच नसेल तर मालकी काय कामाची, असा तो साधा हिशेब होता. पण त्याची किंमत जबर होती. घरात भात येईना. लाकूडफाटा विकून लोकांनी दिवस काढले. संप सुमारे सहा वर्षे चालला.

१९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९मध्ये संप मिटला आणि त्याच वर्षी मुंबई प्रांताचा कुळकायदा झाला. १९४८चा कायदा त्याहून पुढे गेला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कसेल त्याची जमीन हे तत्त्व अमलात आले.

घरभाड्याचा कायदा वेगळा, पण त्यातला प्रश्न तोच आहे. महिन्याच्या भाडेपट्ट्यासाठी, वेगळा करार नसेल तर, १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने पंधरा दिवसांची नोटीस सांगितली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ने करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावे असेही सांगितले.

चरीच्या कुळाच्या विरोधात जाणारा कागद इथे त्याच्या बाजूला आला. म्हणून भाड्याची पावती मागायला संकोचू नये. त्या पावतीमागे पंचवीस गावांची सहा वर्षांची उपासमार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)